पाण्याची पाळी, तशी सेवेची पाळी



देवळाली प्रवऱ्यात पाटाला पाणी सुटले की पाळीवरून हमरीतुमरी ठरलेली. रात्रीची पाळी दर खेपेला एकाच्याच वाट्याला आली, तर तो चार माणसांत बोंब ठोकील. पण घरात आजारी माणूस असले, की त्याच्या उशाशी जागायची रात्रपाळी वर्षानुवर्षे एकाच बाईच्या माथी येते. ती मात्र ब्र काढीत नाही. आज तिच्याविषयी बोलू.

निमित्त एका कादंबरीचे. जेरी पिंटो यांची ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली निघाली. तिला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली आहे. जवळच्या वाचनालयात विचारून पाहा.

गोष्ट मुंबईतल्या माहीमच्या एका गोवेकर ख्रिस्ती कुटुंबाची. घर इवलेसे, आईबाप, मुलगी आणि मुलगा. आई मोठी बोलकी, मिस्कील, विड्या ओढणारी. पण मुलाच्या जन्मानंतर तिचे मन बिघडले. कधी ती उधाणते, नको ते बोलते. कधी अंधाऱ्या विहिरीत पडल्यासारखी होते. तिचे बोलणे ऐकताना स्वप्न कुठे संपले आणि जागेपण कुठे सुरू झाले, तेच उमगत नाही. बाप अबोल. नोकरीही सांभाळतो आणि बायकोलाही. मुलाची माया खरी, तसा रागही खरा. शिवाय मनात एक धास्ती: हे उद्या आपल्यालाही होईल काय?

लेखकाने हा राग झाकून ठेवलेला नाही, हे मला मोलाचे वाटते. कारण सेवा करणाऱ्याला राग येतोच. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची चादर दिवसातून चौथ्यांदा धुताना ‘सुटतील तर बरे’ असे सुनेच्या मनात येऊन जाते. मग ती स्वतःलाच पापी समजून चुलीपुढे डोळे पुसते. बाई गं, तू पापी नाहीस. तू दमली आहेस.

आणि कारभाऱ्यांनो, बाळंतपणानंतर लेकसून गप्प झाली, तिला झोप लागेना, भलतेच बोलू लागली, तर ‘बाहेरचे’ म्हणून तिला भगताकडे नेऊ नका. डॉक्टरांना दाखवा. ‘टेली-मानस’ ही सरकारी सोय आहे. फोन १४४१६, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालतो, मराठीतही बोलता येते. आजाऱ्यासाठी करा, तसा सेवा करून थकलेल्यानेही करावा. त्यात लाज कसली?

थोरल्याने दोन रात्री घ्याव्यात, धाकट्याने दोन. दिल्या घरच्या लेकीने महिन्यातून चार दिवस यावे, म्हणजे वहिनीला माहेरी जाऊन पाठ टेकता येईल.

पाण्याची पाळी आपण चुकू देत नाही. आज जेवताना एवढेच विचारा: रात्री उशाशी बसायची पाळी कुणाची?