पिकअप उंच केली म्हणून पासिंग वाढत नाही! पाटे, मोठे टायर आणि पांदणीचा खरा हिशेब

नागपूर : संत्र्याची तोड सुरू झाली की काटोल, नरखेड, कळमेश्वर पट्ट्यातल्या गॅरेजवर पिकअपवाल्यांची गर्दी वाढते. कोणाची गाडी मागून बसली आहे, कोणाची पांदणीत घासते. मिस्त्रीचा सल्ला ठरलेला असतो, "भाऊ, मागं दोन पाटे टाकून घ्या, टायर एक नंबर मोठे लावा, गाडी उचलून जाईन." संध्याकाळपर्यंत गाडी तीन-चार इंच उंच होऊन बाहेर पडते. मोबाईलवर उंच, रांगड्या गाड्यांचे व्हिडिओ पाहिलेल्या पोरांनाही ती आवडते.

पण ही उंची नेमकी कुठे मिळते? तिचा पांदणीत खरंच उपयोग होतो का? आणि उद्या आरटीओने अडवलं किंवा गाडी उलटली तर भुर्दंड कोणाला? हप्त्यावर गाडी घेतलेल्या माणसाने खिशात हात घालण्याआधी हा हिशेब समजून घ्यायला हवा.

पाटा टाकला, पण घासणारं तिथेच राहिलं

गावातली बहुतेक मालवाहू पिकअप मागच्या बाजूला कमानपाट्यांवर उभी असते. पाटे वाढवले, मोठा शॅकल लावला किंवा पाटा आणि हाऊसिंगच्या मध्ये ठोकळा बसवला की चेसिस आणि डाला वर जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, गाडी उंच झाली.

मात्र काळ्या मातीच्या पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला वरंबा उभा राहतो. त्या वरंब्याला आधी टेकतो तो मागच्या ॲक्सलचा गोळा, म्हणजे हाऊसिंग. हाऊसिंग चाकांना जोडलेलं असतं, चेसिसला नाही. चेसिस कितीही वर उचला, हाऊसिंगची जमिनीपासूनची उंची एक सूतही वाढत नाही. ती वाढते फक्त टायर मोठा झाला तर.

मोठ्या टायरने किती वाढते, तेही पाहा. २१५/७५ आर १५ या आकाराच्या टायरची पूर्ण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर भरते. २३५/७५ आर १५ लावला तर ती सुमारे ७३३ होते. फरक ३० मिलिमीटरचा. त्यातला निम्माच भाग ॲक्सलच्या खाली येतो, म्हणजे हाऊसिंग वर जातं फक्त १५ मिलिमीटर. बोटाच्या जाडीएवढी ही उंची, आणि तिच्यासाठी चार टायरचा खर्च.

दुसरी गोष्ट. चिखलात गाडी फसते तेव्हा बरेचदा मागचं एक चाक फिरत राहतं आणि दुसरं उभं राहतं. साध्या डिफरन्शियलची तीच रीत आहे, ज्या चाकाखाली पकड नाही त्याच्याकडे ताकद वाया जाते. याला उंचीचा इलाज नाही. चांगल्या खाचांचा टायर, कमी वजन आणि वाळलेली पांदण हाच इलाज. व्हिडिओतली गाडी बहुधा चारही चाकांनी ओढणारी आणि रिकामी असते. आपली पिकअप दोन चाकांवर ओढणारी, वर संत्र्याचे क्रेट. अमेरिकेत गाडी उंच करणं हा शौक आहे, इथे तिच्यावर घर चालतं.

पाटे वाढले, ब्रेक तेवढेच

पाटे टाकण्यामागे उंचीपेक्षा मोठं कारण वजनाचं असतं. दोन खेपांचा माल एका खेपेत कळमन्याच्या बाजारात पोहोचला तर डिझेल वाचतं, वेळ वाचतो, हप्ता निघतो. हा मोह समजण्यासारखा आहे.

समजा गाडीचं पासिंग १,३०० किलोचं आहे. क्रेटसकट एका भरलेल्या क्रेटचं वजन २२ किलो धरलं तर ५९ क्रेट बसतात. ९० क्रेट लादले की वजन १,९८० किलो होतं, म्हणजे ६८० किलो जास्त. पाटे वाढवलेले असल्यामुळे गाडी बसत नाही, सरळ दिसते आणि ड्रायव्हरला वाटतं, गाडीने झेपवलं. खरं तर पाट्यांनी वजन फक्त लपवलं. ब्रेक, बेअरिंग, ॲक्सल, टायर, स्टिअरिंग सगळं १,३०० किलोच्याच हिशेबाचं राहिलं.

ब्रेकचा एक बारकावा फार कमी लोकांना माहीत असतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ वजन ओळखणारा एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि ॲक्सलमधलं अंतर पाहून तो ठरवतो की गाडी भरलेली आहे की रिकामी, आणि त्यानुसार मागच्या ब्रेकला दाब सोडतो. पाटे टाकून मागची बाजू उचलली की गाडी भरलेली असूनही व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. मागच्या ब्रेकला दाब कमी जातो आणि जास्त वजनाची गाडी थांबायला जास्त अंतर घेते. समोर बैलजोडी किंवा शाळेची पोरं आली तर तेवढंच अंतर जीवघेणं ठरतं.

तिसरा धोका पलटी होण्याचा. कडब्याची गाडी जितकी उंच भरली तितकी ती उतारावर कलते, हे गावात कोणाला शिकवावं लागत नाही. पिकअपचंही तेच. डाला उंच झाला, त्यावर क्रेटची थप्पी उंच गेली, पण दोन चाकांमधली रुंदी तेवढीच राहिली. वळणावर पूर्वी सांभाळली जाणारी गाडी आता त्याच वेगात चाकं उचलू शकते.

मोठ्या टायरने मीटरही फसवतं. वरच्या उदाहरणात टायर सव्वाचार टक्क्यांनी मोठा झाला. मीटर आधी अचूक असेल तर आता काटा ६० वर असताना गाडी साडेबासष्टच्या आसपास पळत असते. क्लच आणि ब्रेकवरचा ताण वाढतो तो वेगळा.

माल गाडीत माणसं

तोडीला जाणारे मजूर याच डाल्यात बसतात. २० मे २०२४ रोजी छत्तीसगडच्या कवर्धा भागात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या मजुरांची पिकअप दरीत कोसळली आणि किमान १८ जणांचा जीव गेला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांची पिकअप घाटात घसरून कोसळली, त्यात किमान १० महिला दगावल्या. या गाड्या उंच केलेल्या होत्या म्हणून हे घडलं, असा त्याचा अर्थ नाही. पण मालाच्या डाल्यात बसलेल्या माणसाला ना सीट असते ना पट्टा, आणि गाडी जितकी अस्थिर तितका त्याचा जीव टांगणीला. बाया-माणसं नेणारी गाडी उंच करण्याआधी मालकाने एवढं तरी आठवावं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेली मूळ रचना आणि नोंदणीतला तपशील यांच्याशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. नागपूरचे खासदार नितीन गडकरी हेच तेव्हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री होते. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीतल्या मुख्य तरतुदी अशा :

• बेकायदा बदल (कलम १८२ अ) : प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टायर वेगळे, उंची वेगळी, तर बदलही दोन मोजले जाऊ शकतात.

• जास्त वजन (कलम १९४) : २०,००० रुपये, शिवाय जास्तीच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये आणि जास्तीचा माल उतरवण्याचा खर्च.

• डाल्याच्या बाहेर किंवा ठरलेल्या उंचीच्या वर गेलेला माल : त्यालाही याच कलमात २०,००० रुपये.

एका खेपेचं वाचलेलं डिझेल आणि एका पकडीचा दंड शेजारी शेजारी मांडून पाहा, हिशेब लगेच कळतो.

फिटनेसचं वेगळंच. मालवाहू गाडीला पहिली ८ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. एमएच-४० असो की एमएच-३१, तिथे बदललेली गाडी अडली की पाटे काढा, टायर बदला, पुन्हा चकरा मारा. आणि अपघात झाला तर विम्याचा सर्वेअर आधी गाडीच पाहतो. न कळवलेला बदल आणि जास्तीचं वजन दिसलं की दावा अडू शकतो.

मग करायचं काय?

गाडी खरंच बसली असेल तर दुरुस्ती करणं गुन्हा नाही. फरक दुरुस्ती आणि बदल यांच्यातला आहे.

१. आधी पाटे तपासा. जुने, सपाट झालेले किंवा तडकलेले पाटे काढून त्याच मापाचे, तेवढेच नवे टाका. बरेचदा गाडी तेवढ्यानेच आपल्या मूळ उंचीवर येते. बुश आणि शॉकअपही पाहून घ्या.

२. टायर त्याच आकाराचा, पण जास्त खोल खाचांचा घ्या. आकार बदलायचाच असेल तर आपल्याच मॉडेलला कंपनीने कोणते आकार मान्य केले आहेत ते गाडीच्या पुस्तकात पाहा किंवा शोरूममधून लिहून घ्या. तोंडी "चालतंय" यावर जाऊ नका.

३. टायर दिसायला मोठा म्हणजे वजनाला दणकट असं नसतं. टायरवर आकारापुढे भार दाखवणारा आकडा असतो. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५० किलो. जीपगाडीचा रुंद टायर मालगाडीच्या टायरपेक्षा कमी भाराचा निघू शकतो. आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको.

४. पाट्यांचं काम झाल्यावर यू-बोल्ट काही दिवस गाडी चालवून पुन्हा आवळून घ्या. ब्रेक व्हॉल्व्हची सेटिंग तपासा. हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जात नाही ना, तेही पाहा. बिल जपून ठेवा.

५. माल नेहमीच जास्त असेल तर जास्त पासिंगची गाडी घेणं परवडतं. जुनी विकून मोठी घेण्याचा हप्ता आणि दरवर्षी तुटणारे पाटे, बेअरिंग, टायर यांचा खर्च एकदा कागदावर मांडा.

६. बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉली आणि पुढे पिकअप, ही जुनी पद्धत आजही सगळ्यात स्वस्त आहे. गावात पाच-सहा जणांनी मिळून ठरवलं तर सगळ्यांचीच गाडी वाचते.

दुखणं रस्त्याचं, इलाज गाडीवर

शेवटी प्रश्न उरतो पांदणीचा. शेतापासून डांबरापर्यंतचा रस्ता धड असता तर कोणी हौसेने पाटे टाकले नसते. रस्त्याची दुरुस्ती शासनाने करायची होती, ती मालक आपल्या गाडीवर, आपल्या पैशाने आणि आपल्या जिवावर करतो आहे.

त्यासाठीही दारं आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, रोजगार हमीच्या निधीची सांगड घालून शेतरस्ते करण्यासाठी. आपल्या गावाच्या आराखड्यात आपली पांदण आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारता येतं. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार बांधावरून रस्त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेला रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा काढण्याची मागणी करता येते. अर्ज एकट्याने देण्यापेक्षा त्या पांदणीवरच्या सगळ्यांनी सह्या करून दिला तर वजन पडतं.

गॅरेजमध्ये जायचं तर पाटे बदलायला जा, वाढवायला नको. आणि ज्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये उभी आहे, त्याच दिवशी पांदणीचा अर्ज तहसीलमध्ये पडू द्या.