विचारलं होतं का?

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, तीन महिने राहून आले. नायगारा पाहिला, मोठमोठे मॉल पाहिले. ते सगळं फोटोंत आहे. पण मैत्रिणींनो, मनात घर करून राहिला तो एक साधा प्लास्टिकचा डबा!

त्याचं असं झालं. माझ्या दहा वर्षांच्या नातवाला 'जिओकॅशिंग'चा भारी नाद. खजिना शोधायचा हा खेळ. कुणीतरी एक डबा लपवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी जीपीएसवर बघत बघत तो शोधायचा. डब्यात छोटी वही असते, तिच्यात नाव-तारीख लिहायची. आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा ठेवून यायचं.

हा खेळ सुरू झाला २००० साली. तोवर सामान्य लोकांसाठीच्या जीपीएसमध्ये अमेरिकन सरकारने मुद्दाम चूक ठेवलेली असायची. त्या मे महिन्यात ती काढून टाकली, आणि लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात रानात एक बादली लपवली. बादली अर्धवट पुरलेली, आणि आतल्या वस्तूंत खायच्या बीन्सचा एक डबासुद्धा! आजच्या नियमांत जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणणं बसत नाही, आणि खाण्याची वस्तू ठेवणं तर नाहीच.

तर नातवाला आता स्वतःचा डबा लपवायचा होता. घराजवळच्या स्टेट पार्कमध्ये एक टेकाड त्याने हेरून ठेवलं होतं. पार्क म्हणजे आपल्याकडची नगरपालिकेची बाग नव्हे हं, चांगलं मोठं जंगल. राज्य सरकारच्या मालकीचं. त्या राज्यात अशी १२० हून जास्त पार्क आहेत आणि आत जायला पैसे पडत नाहीत.

मी म्हटलं, "मग चल की, आत्ताच ठेवून येऊ. कोण बघतंय?"

नातू माझ्याकडे बघतच राहिला. "आजी, परमिशन घ्यावी लागते."

एवढ्याशा डब्याला परवानगी? मला हसूच आलं. मग लेकीने समजावलं. जागा ज्याची, त्याला विचारल्याशिवाय डबा ठेवायचा नाही, हा खेळाचाच नियम. शिवाय खेळ चालवणाऱ्यांचे स्वयंसेवक प्रत्येक डबा तपासतात. दुसऱ्या डब्यापासून निदान १६१ मीटर अंतर लागतं. "आई, शंभर माणसं एकाच झाडाकडे जायला लागली तर गवत तुडवून नवी पायवाट पडते, दुर्मिळ रोपं मरतात. आणि बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, बॉम्बवाल्या पथकाला बोलवायची वेळ येते."

मग रीतसर अर्ज झाला. नाव, पत्ता, डबा केवढा, आत काय ठेवणार, जागेचा नकाशा. मजकूर नातवाचा, सही लेकीची. आठवड्याने उत्तर आलं: त्या जागी परवानगी नाही. पोराचा चेहरा एवढासा झाला. पण पुढे कारणही लिहिलं होतं. त्या उतारावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, अंड्यांवर पाय पडेल. आणि त्यापुढे लिहिलं होतं, शुक्रवारी या, दुसरी जागा बघू.

शुक्रवारी तिथल्या रेंजरबाई स्वतः आमच्याबरोबर चालल्या. वाटेजवळचा एक पोकळ ओंडका दाखवला. परवानगी ठरावीक मुदतीची, आणि डब्याची देखभाल नातवाने करायची. दहा वर्षांचा मुलगा कागद हातात धरून असा चालत होता, जणू सातबारा नावावर झालाय!

त्या रात्री मला झोप लागेना. मला माझी सून आठवत होती.

मी निघायच्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, "आई, तालुक्याला टॅलीचा क्लास निघालाय. दुपारी दोन ते चार. लावू का?" मी बॅग भरता भरता म्हटलं होतं, "बघू. आले की बोलू." ना कारण, ना मुदत. नुसतं 'बघू'.

हे 'बघू' मला सासूबाईंकडून मिळालेलं. महिला मंडळाची सहल गणपतीपुळ्याला निघाली होती, तेव्हा त्या रोज "बघू" म्हणायच्या. बघता बघता एसटी निघून गेली. तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. आणि तेच 'बघू' मी पुढच्या पिढीच्या हातात ठेवलं होतं, तेही हसत हसत.

आपल्याकडे सगळं उलटंच आहे बघा. जे सगळ्यांचं आहे, तिथे कुणी कुणाला विचारत नाही. किल्ल्याच्या दगडावर बदाम काढून नावं लिहायची, रस्त्यात खड्डे खणून मांडव घालायचा, चौकात फ्लेक्स लावायचा. संरक्षित वास्तू खराब केली तर १९५८च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण फिकीर कुणाला? आणि घरातल्या बाईने मात्र माहेरी जायचं तरी विचारायचं, क्लास लावायचा तरी विचारायचं. "विचारलं होतं का?" हा प्रश्न आपण नेमका चुकीच्या दारात उभा केलाय.

कुणी म्हणेल, घर म्हणजे काय सरकारी ऑफिस आहे? नाही ना. घरात एकमेकांना सांगावं, एकमेकांची सोय बघावी, ते हवंच. पण सांगणं वेगळं आणि परवानगी मागणं वेगळं. ते टेकाड सगळ्यांचं, पक्ष्यांचंसुद्धा, म्हणून तिथे विचारायचं. सुनेची दुपार तिची आहे. ती माझी कधी झाली?

आणि सरकारी ऑफिसचंच म्हणाल, तर आपल्या राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. त्यात ठरवून दिलेल्या सेवांना मुदत असते, आणि नाही म्हणायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. म्हणजे तहसील कचेरीला जो नियम, तो आमच्या स्वयंपाकघराला नव्हता!

दुसऱ्या दिवशी मी सुनेला फोन लावला. "अगं, तो क्लास लाव. आणि यापुढे मला विचारू नकोस, सांगून जात जा. दुपारचा चहा मी टाकत जाईन."

पलीकडे क्षणभर शांतता. मग हळू आवाजात म्हणाली, "आई, प्रवेशाची तारीख गेली हो."

काय बोलणार? पुढची बॅच सुरू झाली तेव्हा ती गेली. निघताना दारातून एवढंच म्हणाली, "आई, जाते हं." चहा मीच टाकला.

नातवाचा डबा अजून त्या ओंडक्यात आहे. वहीत माणसं नावं लिहून जातात. तुमच्या घरात कुणाचा अर्ज 'बघू'खाली दबून पडलाय का, मैत्रिणींनो? तारीख जायच्या आत एकदा उचलून बघा.