वखारीतला कॅमेरा

संपावरचा मराठी चित्रपट म्हटलं की गाडी लालबाग-परळच्या पुढे जातच नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला गिरणी संप, त्याचे नेते दत्ता सामंत, आणि २०१०चा ‘लालबाग परळ’. त्यानंतर ठरलेला शेरा येतो: बायकांच्या संपावर आपल्याकडे काही नाही, असलेच तर प्रचारपट.

काही नाही? गिरण्यांची धुराडी थंडावली त्याच १९८२ साली निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या कामगार बायकांवर ‘तंबाकू चाकीला ऊब आली’ हा लघुपट पुरा झाला. करणारा गट ‘युगांतर’: दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज काँट्रॅक्टर. त्याआधी, १९८१मध्ये, याच गटाने पुण्यातल्या घरकामगारांच्या लढ्यावर ‘मोलकरीण’ केला होता. या घरकामगारांची संघटना १९८०च्या संपातून उभी राहिलेली. पगार, हक्काची सुट्टी, माणूस म्हणून वागणूक, एवढ्याच मागण्या होत्या. पण अनेक सुशिक्षित घरांत त्याही जड गेल्या असाव्यात.

आता प्रचाराचा आरोप. हे पट कामगारांच्या बाजूने आहेत, हे उघडच आहे. मालकांची कैफियत सविस्तर मांडायला ते निघालेलेच नाहीत. पण प्रचारकाला उत्तर आधीच ठाऊक असतं आणि माणसं नंतर शोधायची असतात. इथे उलटं झालं. गट निपाणीत महिनोन्‌महिने राहिला, काय दाखवायचं याची चर्चा बायकांशी केली. वखारीतल्या धुळीत कॅमेरा गेला आणि काही प्रसंग बायकांनीच पुन्हा उभे केले. यावर ‘मग खरं किती आणि नाटक किती?’ असं विचारणारे भेटतात. स्वतःचं भांडण स्वतः पुन्हा भांडून दाखवणाऱ्या बाईइतका भरवशाचा साक्षीदार त्यांनी दुसरा कोणता आणला असता?

हीच पद्धत १९५४च्या ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ची. न्यू मेक्सिकोतल्या जस्ताच्या खाणीतला संप. कोर्टाने कामगारांना पहाऱ्याला उभं राहायला मनाई केली, तेव्हा त्यांच्या बायका उभ्या राहिल्या. पुरुषांना घरी धुणं धुवावं लागलं, आणि गरम पाण्याची मागणी ‘बायकांची किरकिर’ म्हणून मागे सारणाऱ्यांना ती एकदम संघटनेचा प्रश्न वाटू लागली! बहुतेक भूमिका खाणकामगारांनी आणि त्यांच्या घरच्यांनीच केल्या. दिग्दर्शक हर्बर्ट बिबरमन हॉलिवूडच्या काळ्या यादीतला. नायिका रोसौरा रेव्हुएल्तास हिला चित्रीकरण चालू असतानाच अटक झाली आणि तिला मेक्सिकोला परतावं लागलं. बहुतेक थिएटरांनी दारं बंद ठेवली. त्यालाही प्रचारपटच म्हटलं गेलं. १९९२मध्ये त्याच अमेरिकेने तो जतन करायच्या राष्ट्रीय यादीत घेतला.

‘युगांतर’चे दोन्ही पट साधारण पंचवीस-पंचवीस मिनिटांचे. कुठल्याही फिल्म सोसायटीने संपावरचा कार्यक्रम आखला तर ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’च्या आधी ते सहज बसतील, आणि मराठी प्रेक्षकाला तेवढा वेळ तरी उपशीर्षकं वाचावी लागणार नाहीत.