बागेला ऊब, राखणदार मात्र दवात!

दिंडोरी-निफाड पट्ट्यात पारा घसरला की द्राक्ष उत्पादकांची झोप उडते. पहाटे बागेत शेकोट्या पेटतात, धूर केला जातो, ठिबकने पाणी सोडले जाते. मणी तडकू नयेत म्हणून ही सारी धडपड, आणि ती योग्यच आहे. पण त्याच बागेच्या कडेला साखळीला बांधलेला कुत्रा रात्रभर दव अंगावर घेत असतो. ‘कुत्र्याला कसली आली थंडी?’ असे म्हणून विषय तिथेच संपतो.

थंडी त्यालाही वाजते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. अंगावरचे केस कोरडे असतील तोवर ऊब टिकते, दवाने भिजले की ती निघून जाते. मोकळा कुत्रा वैरणीच्या गंजीत किंवा भिंतीच्या आडोशाला जागा शोधतो. बांधलेल्याला ती सोय नसते. पिल्ले, म्हातारी, आजारी आणि आखूड केसांची कुत्री लवकर गारठतात.

‘राखणीला कुत्रा बाहेरच हवा,’ हा नेहमीचा युक्तिवाद. पण दाराजवळच्या आडोशातूनही कुत्र्याला चाहूल लागतेच. शिवाय आपल्या भागात बिबट्याचा वावर आहे. उघड्यावर बांधलेला कुत्रा त्याला आयता सापडतो. जाळी लावलेली बंदिस्त पडवी थंडी आणि बिबट्या, दोन्हींपासून वाचवते.

कायदाही हेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे, तसेच आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे.

काय करता येईल?

• जमिनीपासून थोडी उंच फळी, त्यावर भाताचा पेंढा किंवा कोरडे बारदान टाका. ओले झाले की लगेच बदला. निवाऱ्याचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

• निवाऱ्यासाठी फवारणीच्या औषधांचे रिकामे ड्रम वापरू नका.

• बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला थंडीत थोडे जास्त खाणे लागते. पिण्याचे पाणी रोज ताजे द्या. अंघोळ घालायचीच असेल तर दुपारी उन्हात घाला आणि अंग पूर्ण कोरडे करा.

• बंद खोलीत शेगडी किंवा कोळसे पेटते ठेवू नका. त्या धुराने जनावरांसह माणसांचाही जीव जाऊ शकतो.

• मांजरे उबेसाठी गाडीच्या बॉनेटमध्ये शिरतात. सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारा.

• पिल्लांचे लसीकरण टाळू नका. सहा ते आठ आठवड्यांपासून ते सुरू होते. पार्व्होसारखा जीवघेणा आजार त्यानेच रोखता येतो.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. पहिली म्हणजे घरातल्या गोळ्या. पॅरासिटामॉल मांजरासाठी प्राणघातक ठरते, कुत्र्यालाही ती स्वतःच्या मनाने देऊ नका. दुसरी आपल्या शिवारातलीच. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर त्रास होईल, हे प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळे. त्यामुळे काढणीच्या दिवसांत खाली पडलेले मणी आणि घड त्याच्यापासून दूर ठेवा.

सतत थरथरणे, सुस्ती, हिरड्या फिक्या पडणे, उठता न येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी कोरड्या कापडात गुंडाळून हळूहळू ऊब द्या आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्या. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक मोबाइलमध्ये जतन करून ठेवा.

बाग वाचवण्यासाठी आपण रात्र-रात्र जागतो, खर्चही करतो. तिच्या राखणदाराला एक फळी, एक बारदान आणि वाऱ्याचा आडोसा पुरतो. आज अंधार पडण्यापूर्वी एवढे करायला काय हरकत आहे?