रोगजंतूंचे शस्त्र हिरावणारी माती

उन्हाळी लागणे, म्हणजे लघवीला जळजळ होऊन ती थेंबथेंब होणे, हा विकार चार दिवसांच्या गोळ्यांनी बरा होणारा, म्हणून आजवर काहीसा क्षुल्लक मानला गेला. परंतु त्यास बहुधा कारण होणारा जो ई-कोलाय नावाचा जिवाणू, त्याच्या नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या जाती आता रुग्णालयांच्या दप्तरी सर्रास नोंदल्या जात आहेत. २००८ साली स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या मूत्रात जो क्लेब्सिएला नावाचा जिवाणू सापडला, त्याच्यामुळे तर कार्बापेनेमसारख्या राखीव औषधांचाही फडशा पाडणारे एनडीएम-१ हे विकर जगाला ज्ञात झाले.

अशा जंतूंना मारणारे आणखी एक जालीम विष शोधण्यापेक्षा त्यांचे शस्त्रच काढून घ्यावे, हा मार्ग मला अधिक फलदायी वाटतो, आणि तो केवळ कल्पनाविलास नव्हे. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस या मृत्तिकावासी जिवाणूने घडविलेले क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल स्वतः जंतुनाशक म्हणून अत्यंत दुबळे आहे; पण पेनिसिलिनचे चार अणूंचे वलय फोडणारे जंतूचे विकर, या आम्लातही तसेच वलय असल्यामुळे, त्याच्यावर तुटून पडते, त्याच्याशीच जखडले जाते, आणि मग सोबत दिलेले पेनिसिलिनच्याच कुळातील अमॉक्सिसिलिन जंतूच्या पेशीभित्तिकेची उभारणी निर्वेधपणे रोखते. एनडीएम-१ पुढे ही युक्ती चालत नाही, कारण ते जस्ताच्या बळावर काम करते. तथापि कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या मातीतील एका बुरशीपासून मिळालेले द्रव्य हे जस्तच हिरावून घेते, असे मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले.

रोगी आठवडाभर घेऊन सोडून देणार आणि वैद्यही जपून वापरणार, अशा औषधात खासगी कंपन्यांनी भांडवल गुंतवावे ही अपेक्षा फोल आहे. हे काम सरकारनेच अंगावर घेतले पाहिजे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक सिद्ध केले, तेव्हा देश आजच्याहून पुष्कळ गरीब होता. तो कारखाना पुढे तोट्यात गेला, परंतु त्यामुळे मातीच्या शोधाचे मोल कमी झालेले नाही. सह्याद्रीचा घाटमाथा, कोकणची खारफुटी आणि भीमेच्या खोऱ्यातील काळी जमीन यांतील जिवाणूंचा संग्रह करण्याची कामगिरी विद्यापीठांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांकडे सोपवावी, वार्षिक मंजुरीच्या टांगणीला न लावता किमान १५ वर्षांची तरतूद एकदम करून द्यावी, आणि मूत्रपरीक्षेत आढळणारे चिवट जंतू जिल्हा रुग्णालयांनी या प्रयोगशाळांना नियमाने पुरवावेत, म्हणजे मातीतून निघालेल्या प्रत्येक द्रव्याची पारख आपल्याच रुग्णांना छळणाऱ्या जंतूंवर होईल.