जोडप्याशी बोलणे हेही परिचारिकेचेच काम

जबलपुरात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६ पासून आहे आणि नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयही आहे. संसार विस्कटला की जोडप्याला वकील आठवतो. मानसोपचार विभाग सहसा आठवत नाही. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या बाबतीत हे विस्मरण महागात पडते.

जोडीदार सोडून जाईल ही पराकोटीची भीती, क्षणात पालटणाऱ्या भावना, स्वतःला इजा करण्याची ओढ ही या विकाराची प्रमुख लक्षणे. घरात मात्र त्यांना 'नाटक', 'हट्ट', 'संशयी स्वभाव' अशी नावे पडतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशाचा समावेश होता; पण मुलाखतीच्या प्रश्नावलीत हा विकार नव्हताच. जे मोजले जात नाही, त्यासाठी मनुष्यबळही घडवले जात नाही.

वास्तविक मनुष्यबळ वॉर्डातच उभे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसोपचार परिचारिकेला चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाप्रमाणेच व्यावसायिक म्हणून नोंदणीची वाट खुली केली. मग तिला इंजेक्शन आणि नोंदवहीपुरतेच का बांधून ठेवायचे? या विकाराचा मुख्य उपचार गोळ्या नव्हे, तर मानसोपचार आहे. मार्शा लिनेहान यांनी १९९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी भावना आवरण्याची कौशल्ये शिकवते. प्रशिक्षित परिचारिका त्यांतील पुष्कळशी शिकवू शकते.

ती दोघांनाही आजार समजावून सांगेल. 'उगाच चिडतेस' याऐवजी 'एकटे पडण्याची भीती वाटली का?' असे विचारायला जोडीदाराला शिकवेल. भावना मान्य करणे म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे, हेही सांगेल. वातावरण शांत असतानाच संकटाचा आराखडा लिहून घेईल: औषधे कोणाच्या ताब्यात, कोणाला बोलवायचे, टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हा फोन करायचा. त्याआधी ती दोघांशी स्वतंत्रपणे बोलेल. कारण मारहाण होत असेल, तर एकत्र समुपदेशन नव्हे, सुरक्षितता आधी.

परिचारिका आधीच कामाने वाकल्या आहेत, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हे काम 'सेवाभाव' म्हणून त्यांच्या माथी मारू नये. त्यासाठी पदे, प्रशिक्षण आणि कामाच्या तासांत जागा द्यावी.

दीर्घकालीन अभ्यासांत बहुसंख्य रुग्णांची लक्षणे काही वर्षांत ओसरलेली दिसतात. एकत्र राहायचे की सन्मानाने वेगळे व्हायचे, हे जोडप्यानेच ठरवावे; पण आजार समजून घेऊन ठरवावे.