"चालायला लागला का?"

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात, "चालायला लागला का गं?" वाशिम काय नि मंगरूळपीर काय, घरी आलेला पाहुणा चहाच्या आधी हेच विचारणार. मग ती बिचारी त्याच एका गोष्टीमागे लागते. चाकाची खुर्ची घरात आली म्हणजे आपण हरलो, असं तिला वाटायला लागतं.

खरं तर या मुलांच्या मेंदूला झालेली इजा वाढत नाही, पण पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू आखडत जातात, टाच टेकत नाही. व्यायाम आणि स्प्लिंट लवकर सुरू व्हायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण 1997 साली पालिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या मांडल्या. पहिलीतलं मूल पळतंसुद्धा, पाचवीतल्याला मानही सावरत नाही. मग सगळ्यांना एकच प्रश्न कसा लावायचा? मला वाटतं विचारायचं ते असं : मूल शाळेत पोचतं का?

आता हिशेब बघा. शाळेच्या दोन पायऱ्या, प्रत्येकी 15 सेंटीमीटर. उतार 1:12 चा हवा, म्हणजे 30 सेंटीमीटर चढायला 3 मीटर 60 सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो, शिवाय कठडा. त्याऐवजी दीड मीटरची घसरगुंडी बांधली की ती मोटरसायकल वर चढवायला बरी! कागदावर मात्र 'रॅम्प आहे'. आणि रॅम्पपर्यंत जायचं कसं? पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत बैलगाडी रुतते, तिथे वॉकरच्या इवल्या चाकांचं काय? हातानं चालवायची तीनचाकी सायकलही कित्येकांच्या कामाची नसते, कारण या आजारात हातही आखडलेले असू शकतात. संडासाबद्दल तर बोलायलाच नको.

असो. 2016 च्या कायद्यानं 6 ते 18 वर्षांच्या, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क दिला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, राजीव रतुडी प्रकरणात, सुगम्यतेचे किमान निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, सक्तीचे करा, असं सरकारला बजावलं. दिल्लीहून ते गावात यायला वेळ लागेल. पण शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतातच की. पुढच्या बैठकीला जाताना एक मीटर टेप खिशात टाका, आणि रॅम्प मोजून आकडा इतिवृत्तात लिहायला लावा.